मध्यरात्री फराळाचा डबा संपतो: डबा लपवायचा की वेळेवर जेवायचं?

वेंगुर्लेकरीण: गणपतीत घरी करंज्या-लाडूंचे डबे भरलेले असतात. माझी धाकटी बहीण सगळे झोपले की उठते. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून डबा ओढणीखाली धरून उघडते आणि पोट दुखेपर्यंत खाते. भूक नसते, चवही कळत नाही, पण हात थांबत नाही. घरच्यांनी डबे माळ्यावर टाकले आणि तिला दुसऱ्या दिवशी कडक उपास धरायला लावला. मला हा उपायच घातक वाटतो. दिवसभर चहावर राहिलेलं माणूस रात्री तुटून पडणारच. पूर्वी सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज असायची, ती बंद झाली तीही याच पोरींच्या 'डाएट'पायी.

गुहागरकर: नाही पटलं. फणसपोळी समोर दिसली की हात जातोच, मग घरात आणायचीच कशाला? आमच्या आजीने जन्मभर एकादशी केली, तिला असलं काही झालं नाही. जिभेला लगाम हवाच.

वेंगुर्लेकरीण: दादा, आजींची एकादशी श्रद्धेची होती. रात्री खाल्लं म्हणून सकाळी स्वतःला उपाशी ठेवणं ही शिक्षा आहे. आणि डबे माळ्यावर गेल्यावर बहिणीने काय खाल्लं माहितीये? कच्चे पोहे आणि साखर.

रत्नागिरीची समुपदेशक: ताईंशी सहमत. २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात हा 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' नावाचा स्वतंत्र आजार आहे: ताबा सुटून खाणं, सरासरी आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने. उपचाराची सुरुवात वेळेवर खाण्यापासून होते. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. खावंसं वाटण्याची उबळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीसाठी मांडलेली ही पद्धत इथेही वापरतात. उबळीशी भांडायचं नाही, ती अंगात कुठे जाणवते ते बघत राहायचं.

गुहागरकर: रात्री एकट्याने बघत बसणं कुणाला जमतं? त्यापेक्षा डबा नसलेला बरा, निदान सुरुवातीला.

रत्नागिरीची समुपदेशक: तिने स्वतः सांगितलं तर काही दिवस मोठा डबा शेजाऱ्यांकडे ठेवा, हरकत नाही. तिच्यापासून लपवू मात्र नका. एकटीने बसायचीही गरज नाही. तिने बहिणीला उठवावं, ओटीवर दोघींनी गप्पा माराव्यात. आणि खाल्ल्यावर उलटी काढत असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

गुहागरकर: उलटीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते मान्य. पण मे महिन्यात पाहुण्यांनी भरलेल्या घरात हिची पाच वेळची खाणी सांभाळणार कोण? रांधणाऱ्या बाईवरच येणार ते.

वेंगुर्लेकरीण: पेज मी ठेवीन. तेवढ्या वेळी तिच्यासोबत बसून जेवणं घरातल्या पुरुषांनाही जमेल. फक्त पानात किती वाढलंय यावर कुणी बोलायचं नाही.