शब्दचर्चा: सेंद्रिय पदार्थ आणि सेंद्रिय कर्ब

रानवाट: महाबळेश्वरच्या जंगलातल्या मातीवरचा एक लेख तपासतेय. लेखकाने एकाच आकड्याला एकदा ‘सेंद्रिय पदार्थ’ म्हटलंय, एकदा ‘सेंद्रिय कर्ब’ (म्हणजे कार्बन). दोन्ही चालतील? शिवाय कर्ब उंचीवर ‘वाढतो’ की ‘साठतो’?

मातकट: अजिबात नाही चालणार. कर्ब हा त्या पदार्थाचा एक भाग. त्यात ऑक्सिजन, हायड्रोजन, नत्रही असतं. प्रयोगशाळेत वॉकली-ब्लॅक पद्धतीने (१९३४ पासूनची) मोजतात तो कर्ब. पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो असं धरून त्याला १.७२४ ने गुणतात, की झाला सेंद्रिय पदार्थ! जंगलाच्या वरच्या थराला हे ५८ टक्के जरा जास्तच होतात, म्हणून हल्ली बरेच जण २ ने गुणतात. लेखकाकडून मूळ तक्ताच मागवा.

‘साठतो’ बरं. थंडाव्यात पाला कुजायला वेळ लागतो. पडतो जास्त, कुजतो कमी. जांभ्यातली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडंही कुजलेला अंश धरून ठेवतात.

कोयनाकाठ: आणि ह्यूमस? पाठ्यपुस्तकातलं ‘कुथित मृदा’ बोलताना कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मातकट: ह्यूमसच लिहा. पण पाचोळ्याला ह्यूमस म्हणू नका. अंजनीच्या झाडाखालचा पाला बाजूला सारून बघा: वर अख्खी कोरडी पानं, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली, नुसत्या शिरा उरलेली, त्याखाली बोटं काळी करणारा भुसभुशीत थर. ह्यूमस तो. मातीचा नमुना घेताना वरचा पाचोळा झाडूनच टाकतात, तेव्हा त्यातला कर्ब मातीच्या आकड्यात येत नाही.

रानवाट: ‘जैविक कर्ब’ असंही एके ठिकाणी आहे.

कोयनाकाठ: हिंदीची सावली, दुसरं काय. आपल्याकडे जैविक खत म्हणजे रायझोबियम, ॲझोटोबॅक्टरसारखी जिवाणू खतं. माती परीक्षणाच्या पत्रिकेवरही ‘सेंद्रिय कर्ब’च असतो. ‘कार्बन क्रेडिट’ला मात्र हात लावू नका, ‘कर्ब क्रेडिट’ कुणी म्हणत नाही.

डोंगरवळ: राब भाजलेल्या, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या जागी कोळसा राहतो, तो सेंद्रिय कर्बात धरायचा?

मातकट: आहे सेंद्रियच, झाडातूनच आलेला. पण वॉकली-ब्लॅकमध्ये तो अर्धामुर्धाच पकडला जातो. लेखात तशी जागा असेल तर ‘कोळशातला कर्ब’ असं वेगळं लिहिलेलं बरं.