लहरी हवामान आणि लवकर फुललेला पळस: ऋतू खरोखर पुढे सरकला आहे का?

रानवाटा (सासवड)

आमच्याकडे सध्या पहाटे शाल पांघरावी लागते आणि दुपारी बारानंतर उन्हात उभे राहवत नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस आभाळ भरून आले, वारा दिशा बदलत राहिला, चार थेंब पडले आणि पुन्हा कोरडी हवा सुरू झाली. या सगळ्या गडबडीत बांधावरचा पळस निष्पर्ण होऊन फुलला आहे, त्यावर भोरड्यांचे थवे उतरत आहेत आणि कोकीळ अंधार असतानाच ओरडू लागला आहे.

माझ्या वडिलांना शेतातल्या घडामोडी तिथीनुसार लिहून ठेवण्याची सवय आहे. त्यांच्या वहीत 2023 साली याच पळसाचे पहिले फूल फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला दिसल्याची नोंद आहे आणि 2024 साली तीच नोंद माघ शुद्ध द्वादशीची आहे. म्हणजे एका वर्षात झाड अर्ध्या महिन्याहून अधिक आधी फुलले असे दिसते. हा बदलत्या हवामानाचा परिणाम मानावा का? आणि यातल्या कोणत्या गोष्टी हवेवर अवलंबून असतात व कोणत्या दरवर्षी आपल्या वेळेवर घडतात, हे ओळखायचे कसे?

पाणवठा (पुणे)

आपल्या वडिलांची वही मोलाची आहे, ती जपून ठेवा. मात्र दिलेल्या दोन्ही तिथी इंग्रजी तारखेत बदलून पाहिल्या, तर दोन्ही वेळी 21 फेब्रुवारीच येते. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे त्यानंतरचे सगळे चांद्रमास पुढे गेले; म्हणूनच 2023 चा गुढीपाडवा 22 मार्चला होता आणि 2024 चा थेट 9 एप्रिलला. झाडाला सूर्य आणि माती कळते, चंद्राच्या कला कळत नाहीत. तेव्हा आपला पळस त्या दोन वर्षांत जागचा हललेला नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पुण्याच्या अक्षांशावर 22 डिसेंबरला दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि मार्चच्या विषुवदिनी तो 12 तासांहून किंचित मोठा होतो. ही वाढ थोडी वाटली तरी ती दरवर्षी अगदी सारखी असते, आणि अनेक पक्ष्यांच्या शरीरात विणीची किंवा परतीच्या प्रवासाची तयारी तिच्यामुळेच सुरू होते. हिवाळाभर गप्प असलेला दयाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तारेवर किंवा गच्चीच्या टोकावर बसून लांबलचक गाऊ लागतो, तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरायला घेतो, कोकिळाचा आवाज दिवसेंदिवस वाढत जातो. एखादा ढगाळ आठवडा मध्ये आला तर गाणे दोन दिवस मंदावते, पण वेळापत्रक मोडत नाही.

भोरड्यांचे मला विशेष कौतुक वाटते. हे पक्षी मध्य आशियाकडून येतात, हिवाळा आपल्या माळरानांवर आणि शेतांत काढतात आणि एप्रिलपर्यंत परत निघतात. निघण्यापूर्वी त्यांना अंगावर चरबी साठवावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पळस, पांगारा व काटेसावर मधाने भरलेली असतात. चोचीला आणि कपाळाला पिवळे परागकण माखलेली भोरडी पाहिली, की झाडाचाही यात केवढा लाभ आहे ते लक्षात येते.

काठावरचा (भिगवण परिसर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण शेतकरी म्हणून भोरड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळू काढणीला येतो तेव्हा हजारोंचा थवा एकदम कणसांवर उतरतो आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. हेच पक्षी नाकतोडे आणि अळ्याही भरपूर खातात, म्हणून मी त्यांना हाकलतो, पण त्यांचा राग करत नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर मात्र दिवसाच्या लांबीएवढेच महत्त्व पाण्याच्या पातळीला आहे. धरणातून पाणी सोडले की काठाचा चिखल उघडा पडतो, उथळ पाणी तयार होते आणि रोहित पक्षी तिथे चरायला गोळा होतात. ज्या वर्षी पाणी उशिरा ओसरते त्या वर्षी ते उशिरा दिसतात. तेव्हा रोहित पक्षी कधी आले यावरून ऋतूचा अंदाज बांधू नये. याउलट पट्टकादंब आणि चक्रवाक या हिवाळी पाणपक्ष्यांच्या परतीकडे लक्ष ठेवावे. पट्टकादंबांना हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचे असते आणि आमच्याकडून ते साधारण मार्चमध्ये नाहीसे होतात, मग इथे ऊन कितीही पडो किंवा आभाळ भरून येवो.

मोहफूल (गोंदिया)

विदर्भाचा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण आमच्याकडे या दिवसांतला पाऊस चार थेंबांवर थांबत नाही. उत्तर भारतावरून सरकणारे पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे), त्यांच्यासोबत येणारी वरची थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली ओलसर हवा यांची गाठ पडली, की दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उंच ढग उभे राहतात आणि गारा पडतात. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट कोणी विसरलेले नाही.

गारपिटीत पिकांबरोबर पक्षीही मरतात, आणि याची चर्चा फारशी होत नाही याचे मला दुःख आहे. बगळे, मैना, पोपट रात्री ठरावीक झाडांवर एकत्र बसतात आणि गारांपासून बचाव करायला त्यांना जागा नसते. सकाळी अशा झाडांखाली जरूर पाहावे. जखमी पक्षी दिसल्यास तो हवेशीर खोक्यात, अंधारात आणि शांत ठेवावा, बळेच पाणी पाजू नये आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

मोहाबद्दलही सांगते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. ती वेचायला बायामाणसे अंधारातच रानात जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. वादळी वाऱ्याने एका रात्रीत सडा पडला, तर माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येण्याचा धोका असतो. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. त्यातून वणवे लागतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात. ऋतू बदलला का, या प्रश्नाइतकाच हाही प्रश्न मला जवळचा वाटतो.

रानवाटा (सासवड)

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही तिथी एकाच तारखेच्या निघतील हे वडिलांनाही ऐकून नवल वाटले. आता ही वही पुढे चालवायची तर नोंद कशी ठेवावी?

पाणवठा (पुणे)

तिथी लिहिणे थांबवू नका, फक्त शेजारी तारीख लिहा. नोंद नेहमी त्याच झाडाची असावी, कारण एकाच बांधावरचे दोन पळसही वेगवेगळ्या दिवशी फुलतात. आठवड्यातून एकदा त्या झाडावर कळ्या, फुले, शेंगा आणि कोवळी पाने किती आहेत ते लिहावे. काहीच दिसले नाही तर ‘नाही’ असेही लिहावे, कारण पहिले फूल नेमके कोणत्या दोन फेऱ्यांच्या मधे आले ते त्यावरूनच ठरवता येते. सीझनवॉच या उपक्रमात देशभरातले लोक झाडांच्या अशाच साप्ताहिक नोंदी पाठवतात आणि पक्ष्यांसाठी ईबर्ड या संकेतस्थळावर दिवसाची यादी भरता येते.

हवेची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा: पहाटेचे व दुपारचे तापमान, आभाळ, वाऱ्याची दिशा, पाऊस किंवा गारा. पक्ष्यांची हालचाल आणि हवा एकाच वाक्यात लिहिली, की एक दुसऱ्याचे कारण असल्याचा समज लिहितानाच होऊन बसतो. ऋतू सरकला आहे का, हे दोन-तीन वर्षांच्या फरकावरून सांगता येत नाही. पण आपल्या वडिलांच्या जुन्या तिथी पंचांग हाताशी घेऊन तारखांत बदलता येतील. त्या कामाला माझी मदत हवी असल्यास पानांची छायाचित्रे इथे टाका, मी सुरुवातीच्या वर्षांपासून घेतो.