मदत हवी आहे: बलकाचा रंग सालीसारखा निघतोय (आणि घरात अंडं चालत नाही)

मांजराकाठी
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा, शाळेत चित्रकलेचा मास्तर. ए.टी.डी. करून वीस वर्षं झाली आणि तेव्हापासून एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांसोबत पोस्टर कलरच घोळवतोय. मागच्या हिवाळ्यात मुंबईला बंगालचे चित्रकार गणेश पाइन यांचं टेम्परातलं, म्हणजे चिकटव्यात कालवलेल्या पुडीच्या रंगातलं, एक चित्र अगदी जवळून बघायला मिळालं. अंधारातून उजेड पाझरावा तसला रंग. येताना रेल्वेतच ठरवलं, हे एकदा करून बघायचं.

अंड्याच्या बलकातल्या टेम्पराची कृती इकडून तिकडून जुळवली. बलक वेगळा काढून तळहातावर फिरवला, पांढरं पुसून घेतलं, पापुद्रा चिमटीत धरून टोचला आणि आतला बलक वाटीत सोडला. त्यात तेवढंच पाणी. टिकावा म्हणून व्हिनेगरचे चार थेंब. रंग म्हणून गेरू, पिवडी, काजळ, झिंक सफेदा आणि अल्ट्रामरीनची पूड. पाटी म्हणजे सुताराकडून आणलेला प्लायचा तुकडा, त्यावर भिंतीच्या प्रायमरचे दोन हात.

पहिला थर झकास बसला. दुसऱ्याला कुंचला टेकवला की खालचा उठतो. गेरूवर बोट फिरवलं तर बोट लाल. एका कोपऱ्यात बलक जरा जास्त पडला होता, तिथं चार दिवसांनी नख लावलं तर उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघाली. त्यात मे महिना, पत्र्याची खोली, बाहेर 42 अंश. रंग पाटीपर्यंत पोचायच्या आधी कुंचल्यावरच वाळतो.

दुसरी अडचण घरची. आई माळकरी. अंडी बाहेरच्या पत्र्याच्या खोलीतच ठेवतो, तरी तिला कळलंच. "रंगापायी घरात अंडी आणायलास व्हय?" एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून माझा चहा त्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून जाते, आत पाय टाकत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

चूक कुठं होतेय? आणि अंड्यावाचून काही जमतं का?

जुना कुंचला
मास्तर, तुमच्या पाटीतच गडबड आहे. या रंगाला पाणी पिणारी पाटी लागते. भिंतीचा प्रायमर म्हणजे वरून प्लास्टिकची कातडी, रंगाला धरायला काहीच नाही. साल निघणार नाही तर काय!

सुताराचा सरस घ्या, एक भाग सरस, दहा भाग पाणी. रात्रभर भिजवा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून कोमट करा. उकळू देऊ नका, चिकटपणा मरतो. त्याचा एक हात नुसताच पाटीला द्या, दोन्ही बाजूंनी, नाहीतर पाटी वाकते. मग उरलेल्यात खडूची बारीक पूड बासुंदीइतकी दाट होईस्तोवर सोडा आणि सहा-आठ हात द्या, एक आडवा, एक उभा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा. हस्तिदंतासारखी गुळगुळीत पाटी होते. कंटाळवाणं काम आहे, पण पहिल्या फटकाऱ्याला फरक कळेल.

बोट लाल होतंय म्हणजे तिथं बलक कमी पडला. गेरू लई पितो. याची एक सोपी परीक्षा आहे. मिसळलेल्या रंगाची पट्टी काचेवर ओढा, वाळली की ब्लेडनं खरवडा. सलग साल निघाली तर प्रमाण बरोबर. भुगा झाला तर बलक वाढवा. प्रत्येक रंगाची भूक वेगळी असते, त्यामुळे सगळ्यांना एकच माप लावू नका.

आणि जलरंगाची सवय सोडा. सपाट वॉश इथं चालत नाही. कुंचला बुडवून दोन बोटांत पिळून घ्या आणि बारीक रेघांनी भरत जा, रेघेवर रेघ. एकदा गेलात तिथं लगेच परत जाऊ नका. उन्हाळ्यात पहाटे बसा, पंखा बंद ठेवा.

व्हिनेगरबद्दल एक. अल्ट्रामरीनला आंबट सोसत नाही, निळा मरतो. रोज ताजं अंडं फोडा, व्हिनेगर घालूच नका.

दुधनाकाठची
अंड्याशिवाय जमतं की! टेम्परा लिहिलं म्हणजे आत अंडंच असतं असं नाही. आपल्याकडं डिंकात, सरसात घोटलेल्या रंगालाही टेम्पराच म्हणतात. अजिंठ्याला तर घरच्या अंगणातलं उदाहरण आहे: सुक्या गिलाव्यावर चिकटव्यात कालवलेले रंग, त्यात गेरू, पिवळी माती, काजळ. तुमच्या डब्यात आहे तेच.

बाभळीचा डिंक सगळ्यात सोपा, पण तो पाणी लागलं की पुन्हा सुटतो, म्हणजे थर उठण्याची तक्रार कायम. दुधाचं केसीन बघा. साय काढलेलं दूध लिंबानं फाडायचं, चोथा धुऊन घट्ट पिळायचा आणि कोमट पाण्यात विरघळवलेला टाकणखार (बोरॅक्स) घालून घोटायचा. थोड्या वेळात चिकट खळ होते. वाळल्यावर मजबूत, पण ठिसूळ. ताणलेल्या कॅनव्हासवर तडकेल, कडक पाटीवरच वापरा. उन्हाळ्यात दोन दिवसांत घाण वास सुटतो, तेव्हा थोडंच करा. टाकणखाराचं भांडं स्वयंपाकात परत नेऊ नका. आणि शेंदूर किंवा हरताळ वापरायचा मोह झाला तर आवरा. शेंदरात शिसं, हरताळात आर्सेनिक. कोरडी पूड घोटताना तोंडाला रुमाल बांधा.

एक शंका मात्र विचारू का? अंडं चालत नाही म्हणता, पण जुन्या कुंचल्यानं सांगितलेला सरस कशाचा असतो ठाऊक आहे ना? कातडी-हाडांचा.

मांजराकाठी
ताई, सरसाचं वाचून खुर्चीवरून उठलो. घरातल्या लाकडी देव्हाऱ्याचे सांधे आजोबांच्या काळात सरसानंच चिकटवलेले आहेत.

काचेची परीक्षा कालच केली. पिवडीची सलग साल निघाली, काजळाचीही. गेरूचा भुगा. दीडपट बलक घातला तेव्हा कुठं ताळ्यावर आला. पहाटे पाचला बसलो तर रंग वाटीत चक्क वीसेक मिनिटं ओला राहिला.

केसीनही करून पाहिलं. दूध मुद्दाम फाडताना आई दारात उभी होती. "चांगलं दूध नासवायलास" म्हणाली, पण या वेळी चहा आत आणून दिला.

एवढं सांगा, केसीनच्या थरावर बलकाचा थर चालेल की दोन्ही वेगळ्याच पाट्यांवर ठेवू?

जुना कुंचला
चालतो, केसीन खाली, बलक वर. उलटं करू नका. केसीन पुरतं वाळू द्या, निदान एक दिवस. आणि बलकाच्या चित्राला काही महिने हात लावू नका, ते हळूहळू टणक होतं.

देव्हाऱ्याचं आईंना सांगितलं का?

मांजराकाठी
नाही.