मदत हवी आहे : ८१ वर्षांच्या आईची सहा महिने न थांबलेली खाज

नमस्कार. माझी आई ८१ वर्षांची असून वाईला धाकट्या भावाकडे राहते. मी पुण्यात असतो आणि दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जाऊन येतो. गेल्या दिवाळीपासून तिच्या अंगाला खाज सुटते आहे. सुरुवात दोन्ही नडग्यांपासून झाली, मग पाठ, आणि आता परकराची नाडी जिथे बसते तिथे कमरेभोवती. थंडीचे दिवस आहेत, कातडी कोरडी पडली असेल, असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. नडग्यांवर खवले दिसत होते आणि काळा परकर झटकला की आतून पांढरा कोंडा पडत असे, त्यामुळे ते खरेही वाटत होते. परंतु चैत्र गेला, वैशाख आला, तरी खाज कमी झाली नाही, उलट रात्रीची वाढली.

मागच्या खेपेला मी तिच्याच खोलीत झोपलो होतो. रात्री दोनच्या सुमारास खसखस आवाज आला म्हणून दिवा लावला, तर आई पलंगावर उठून बसली होती आणि लाकडी फणीच्या दात्यांनी पाठ खाजवत होती. सकाळी तिच्या पोलक्याच्या पाठीवर वाळलेल्या रक्ताचे मोहरीएवढे डाग होते, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ती पहाटेच उठून स्वतः पोलके धुवायला बसली होती. चारचौघांत हात सारखा पाठीकडे जातो म्हणून तिने भजनाला जाणे सोडले आहे. आपल्यामुळे त्याला काही होईल या धास्तीने ती नातवाला मांडीवर घेत नाही. हे पाहवत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आतापर्यंत काय केले ते सांगतो. पहिल्यांदा घरगुती उपाय झाले. पित्त उठले असेल म्हणून आमसुलाचे पाणी, मग करंजेल तेल, कडुनिंबाचा पाला घातलेले आंघोळीचे पाणी, आणि वांगे व तुरीची डाळ बंद. औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका मिश्र मलमाच्या दोन ट्यूबा संपल्या. त्याने पंधरा दिवस बरे वाटले आणि मग खाज दुपटीने आली. खरूज असेल या शंकेने घरातल्या पाचही जणांनी पर्मेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम मानेपासून पायापर्यंत रात्रभर लावले आणि आठवड्याने पुन्हा लावले. घरात दुसऱ्या कोणाला खाज नव्हती आणि आईलाही त्याने फरक पडला नाही. नंतर एका डॉक्टरांनी रात्री घ्यायला हायड्रॉक्सिझिनची, म्हणजे खाजेवरची गुंगी आणणारी, गोळी दिली. तिसऱ्या रात्री आई न्हाणीकडे जाताना भेलकांडून पडली. सुदैवाने हाड मोडले नाही, पण गोळी आम्ही बंद केली. ज्यांना ज्यांना दाखवले त्या प्रत्येकाने बसल्या जागी हात आणि नडग्या पाहिल्या आणि ‘वयोमानाने व्हायचेच’ असे सांगितले.

तपासण्या दीड महिन्यापूर्वीच्या आहेत : हिमोग्लोबिन १०.२, क्रिएटिनिन १.१, यकृताच्या तपासण्या व थायरॉइड नॉर्मल, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४, आणि इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ९ टक्के. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन बारा वर्षांपासून आहे, मधुमेहाचे मेटफॉर्मिनही जुने आहे, आणि साखर वर राहते म्हणून गेल्या श्रावणात त्याच्या जोडीला व्हिल्डाग्लिप्टिन सुरू केले.

ही खाज केवळ वयाची आणि कोरडेपणाची आहे, की आत दुसरे काही आहे, हे ओळखायचे कसे? यापुढे कोणत्या तपासणीचा आग्रह धरावा? आणि तोवर तिला रात्रीची झोप मिळावी म्हणून आम्ही घरी काय करू शकतो? ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचे हे दुखणे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

मी एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात बावीस वर्षे परिचारिका होते. निदान डॉक्टरच करतील, मात्र तुमच्या लिखाणातल्या दोन गोष्टी वाचून मी थांबले : इओसिनोफिल ९ टक्के, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, आणि श्रावणात सुरू झालेले व्हिल्डाग्लिप्टिन. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या काही वृद्धांना, गोळी सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनीसुद्धा, बुलस पेम्फिगॉइड नावाचा आजार होतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. पुढे पाण्याने टचटचीत भरलेले फोड येतात, पण त्याआधी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, नुसती खाज आणि गांधीसारखे लालसर उंचवटे एवढेच असते. आईंच्या मांड्यांची आतली बाजू, ओटीपोट आणि काखा कोणी नीट पाहिल्या आहेत का? घरातल्या बाईमाणसाकडून त्या उजेडात पाहून घ्या. शंका आली तर त्वचेचे दोन लहान तुकडे काढतात. एक नेहमीच्या तपासणीसाठी आणि दुसरा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेत चिकटलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. या दुसऱ्याशिवाय निदान पक्के होत नाही, म्हणून त्याबद्दल स्पष्ट विचारा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण साखर भडकली तर सगळेच अवघड होईल. दुकानातल्या मिश्र मलमात बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असते आणि त्याने खुणा झाकल्या जातात, तेव्हा ते शेवटचे कधी लावले हेही डॉक्टरांना सांगा.

तुमच्या आईंना हा आजार नसेलही, आणि कोरडेपणा तर आहेच. वयाबरोबर तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी मंदावतात, त्वचेतली स्निग्धता कमी होते आणि आतले पाणी उडून जाते. त्यावर रोज कढत पाणी ओतले की उरलेसुरले तेलही जाते. कढत पाण्याने खाज काही क्षण शांत होते, म्हणून माणसाला तेच हवेसे वाटते, आणि तासाभराने ती पुन्हा उसळते. पाणी कोमट असावे आणि आंघोळ दहा मिनिटांत उरकावी. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावावा. पंच्याने अंग घासू नये, टिपून घ्यावे, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे दाट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली सर्वांगाला लावावी. झोपताना पुन्हा तसेच. बहुतेक घरांत चूक होते ती प्रमाणात. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला दोन वेळा लावायचे तर आठवड्याला निदान पाव किलो क्रीम लागते. लहान बाटली महिनाभर पुरत असेल, तर ते लावले जात नाही असेच समजा.

हायड्रॉक्सिझिन बंद केलेत ते बरे झाले, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. या वयात त्याने भ्रम होतो, लघवी तुंबते, तोल जातो, आणि खाज हिस्टामिन या अॅलर्जीत सुटणाऱ्या रसायनामुळे नसेल तर त्याने गुंगीपलीकडे काही साधत नाही.

प्रतिसाद २

माझ्या वडिलांची खाज मूत्रपिंडाच्या विकारामुळे होती, त्यामुळे कारणाबद्दल मी बोलत नाही. रात्रीपुरते सांगतो. क्रीम लावल्यावर त्यांच्या पाठीवर आम्ही गार पाण्यात पिळलेला सुती पंचा वीस मिनिटे ठेवत असू, आणि ‘खाजवू नका’ असे म्हणणे घरात सगळ्यांनी बंद केले. उशीजवळची फणी काढून मऊ कापडाची घडी ठेवा. नखे आठवड्यातून दोनदा कापा.

मूळ धागालेखक, तीन आठवड्यांनंतर

आपल्या दोघांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते कळत नाही. वहिनीने पाहिले तेव्हा आईच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला आणि ओटीपोटावर फिकट लाल, किंचित उंच असे तीन चट्टे होते. ते दीड महिन्यापासून आहेत असे आई म्हणाली. ‘डॉक्टरांनी विचारले नाही, आणि तुला काय दाखवायचे?’ हे तिचे उत्तर ऐकून मला फार वाईट वाटले. पुण्यातील एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात एका डॉक्टर बाईंनी पडद्याआड तिला पूर्ण तपासले आणि दोन्ही तुकडे काढून घेतले. अहवाल पुढच्या आठवड्यात मिळेल. त्यांनी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून व्हिल्डाग्लिप्टिन बदलायला लावले आहे. वहिनी दोन्ही वेळा क्रीम लावते. नडग्यांची खाज निम्म्याने उतरली आहे आणि परकरातून कोंडा पडत नाही, परंतु पाठ व कंबर अजून तशीच आहे. परवा ती सलग चार तास झोपली.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आजार तोच निघाला तर स्टेरॉइडच्या गोळ्यांऐवजी तीव्र स्टेरॉइड मलम अंगाला लावून किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन उपचार करता येतात असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मधुमेह असलेल्या आपल्या घरच्या कोणाला हे उपचार दिले असतील, तर रोजची काळजी कशी घेतलीत ते लिहावे. दुसरे असे, की आईने साठ वर्षे बंबाच्या कढत पाण्याने आंघोळ केली आहे, आणि कोमट पाण्याने आंघोळ झाल्यासारखे वाटतच नाही असे म्हणून ती वहिनीची पाठ वळली की घंगाळात गरम पाणी ओतून घेते. तिचे मन न दुखावता ही सवय कोणी सोडवली आहे का?