केळीच्या पानांचेच ९०० फोटो! ट्रेल कॅमेरा लावायचा तरी कुठं?

मखमलाबादकर
नमस्कार मंडळी. घर नाशिकच्या मखमलाबादला, मागं छोटी परसबाग, पपई चिकू केळी, कंपाउंडच्या पलीकडं द्राक्षबाग. महिना झाला, झाडावरची पिकलेली पपई सकाळी आतून पोखरलेली दिसते आणि रात्री पडवीच्या पत्र्यावर कोणीतरी चालतं. आई म्हणते बोका आहे, शेजारचे काका म्हणतात बिबट्याच, आणि पोरं अंधार पडला की मागं जायला तयार नाहीत. म्हणून ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला, चिकूच्या झाडाला छातीएवढ्या उंचीवर बांधला. तीन दिवसांत ९०० फोटो आणि सगळे केळीच्या पानांचे! रात्रीचे तर पांढरेफटक. चौथ्या दिवशी सेलच संपले. कुठं चुकतंय? कोणाला पकडायचं नाहीये, फक्त कोण येतंय ते बघायचंय.

दारणाकाठ
दादा कॅमेरा चांगला आहे, जागा बदला. त्यातला पीआयआर सेन्सर उष्णतेतला फरक पकडतो, उन्हात तापलेलं पान वाऱ्यानं हललं की त्याला वाटतं जनावर आलं. आमच्या उसाच्या बांधावर माझंही असंच झालेलं, मग समोरचं गवत कापलं आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडं केलं. पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं की सूर्य थेट भिंगात येतो.

उंची गुडघ्याएवढी ठेवा, मुंगूस, उदमांजर जमिनीलगत चालतात, छातीच्या उंचीवरून ती निसटतात. आणि त्यांच्या वाटेच्या बाजूला लावा, कारण समोरून आडवं जाणारं जनावर सेन्सरला लगेच कळतं, सरळ कॅमेऱ्याकडं चालत येणारं उशिरा कळतं. रात्री पांढरं येतंय ते जवळच्या पानावर कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेड दिव्याचा उजेड पडून, पुढचे दोन मीटर तरी मोकळे ठेवा. एप्रिल-मे मधे दुपारी कमी फोटो आले तर ते ठीक आहे, हवाच अंगाएवढी तापली की सेन्सरला फरक कळत नाही.

मखमलाबादकर
आजच बदलतो. सेल रिचार्जेबल चालतील का? आठ सेल दर आठवड्याला फेकायचे म्हणजे जिवावर येतं.

दारणाकाठ
नेहमीचे रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, बरेच कॅमेरे १.५ चा हिशेब धरतात म्हणून काही कॅमेरे सेल शिल्लक असतानाच बंद पडतात. लिथियमचे महाग पण टिकतात. सेल सगळ्यात जास्त खातो तो रात्रीचा व्हिडिओ, आधी फोटोवरच ठेवा, एका वेळी तीन. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

चिमणीताई
भाऊ, पपई पोखरणारा बिबट्या नसतो हो, हे उदमांजराचं काम वाटतंय, आमच्याकडं त्याला कांडेचोर म्हणतात. झाडाखाली किंवा पत्र्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसते का बघा. तरी पोरांची काळजी आहे तर मागची माती ओली करून ठेवा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात सहसा नाही, आणि बिबट्याचा ठसा घरच्या मांजराच्या कितीतरी पट मोठा असतो.

खरंच बिबट्या दिसला तर फोटो ग्रुपवर टाकू नका, जागा कळली की बघ्यांची गर्दी जमते आणि जनावर बिथरतं. आधी वनविभागाला १९२६ वर कळवा. नाशिकमधे उसात बिबट्या पिल्लं वाढवतो, तो आपल्याकडं येतो तो कुत्र्यांसाठी, कोंबड्यांसाठी, म्हणून उष्टं-खरकटं उघड्यावर नको. आणि फोटो मिळावा म्हणून मटणाचे तुकडे टाकणारे बघितलेत मी, तसं अजिबात करू नका. शेजाऱ्यांच्या दाराकडंही कॅमेऱ्याचं तोंड नको.

मखमलाबादकर
१२ दिवसांनी सांगतोय, ताई तुम्ही बरोबर! रात्री २ वाजून १० मिनिटांनी कंपाउंडच्या भिंतीवरून उदमांजर चाललंय, लांब शेपूट, डोळ्यांभोवती काळपट पट्टा, आणि मागून एक पिल्लू. आईनं फोटो मोठा करून चार वेळा बघितला. दिवसा मुंगूस तर रोज, आम्हाला पत्ताच नव्हता. पोरं आता सकाळी उठल्या उठल्या कार्ड मागतात. दोन पपया झाडावरच ठेवल्यात. एकच विचारायचंय, पावसाळ्यात कॅमेऱ्यात मुंग्या घर करतात म्हणे?

दारणाकाठ
करतात. बांधायच्या पट्ट्यावर थोडं व्हॅसलीन लावा, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका आणि आठवड्यातून एकदा उघडून रबराची कड पुसत जा. पिल्लाचा फोटो इथं टाका की!