लाकडावरचा टब घेण्याआधी

सुट्टीत राहायला हॉट टबवालं (बाहेर बसायचा गरम पाण्याचा मोठा टब असलेलं) कॉटेज घ्यावं का, त्याला जास्तीचे पैसे मोजावेत का, असा प्रश्न पडला असेल तर आमचा अनुभव लिहितो. आम्ही इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये बेकवेल गावाजवळ तीन रात्री राहिलो होतो. टब लाकडावर तापणारा. फोटोत झकास दिसतो, पण पाणी तापायला तीन-चार तास सहज जातात. त्यात आमची लाकडं दमट निघाली. मेहुणा आणि मी आळीपाळीने फुंकर घालत बसलो, अगदी गावाकडच्या बंबासारखं! रात्री नऊला उतरलो तर खांद्याशी चटका आणि पायाशी गारठा. शेजारी ठेवलेलं वल्हं शोभेचं नसून पाणी ढवळायला असतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून विजेवरचाच बघा. तो आधीपासून ३७-३८ अंशांवर ठेवलेला असतो. ४० च्या वर मात्र नको, आणि कोणी गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बेकवेलचा बाजार सोमवारी भरतो. शुक्रवार ते सोमवार बुकिंग केलंत तर चावी परत करून थेट तिकडेच जा. तिथलं बेकवेल पुडिंग (जॅम आणि बदाम-अंड्याचं सारण भरलेला भाजलेला गोड पदार्थ) नक्की खा. सुपरमार्केटातल्या चेरीवाल्या टार्टशी त्याची गल्लत करू नका, स्थानिक लोक चिडतात.