नैराश्याच्या गोळ्या थांबवायचा विषय आधी कुणी काढायचा?

निशिगंध
गोळी सुरू करताना "सवय लागत नाही, निर्धास्त घ्या" असं सांगतात. थांबवायची कधी आणि कशी, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. पहिलाच आजार असेल तर लक्षणं पूर्ण गेल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, आजार उलटण्याचा धोका जास्त असेल तर दोन वर्षं. हा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर का मिळू नये? तो नसल्यामुळे काही जण दहा-दहा वर्षं जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणतात, तर काही बरं वाटलं की एका रात्रीत बंद करतात. थांबवण्याचा विषय डॉक्टरांनीच काढावा आणि दर सहा महिन्यांनी काढावा, असं माझं ठाम मत आहे.

रानवारा
सहमत नाही. नैराश्याची गोळी चालू ठेवणारे आणि थांबवणारे यांची तुलना करणाऱ्या इंग्लंडमधल्या अँटलर चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला. 478 पेशंट, सगळे दीर्घकाळ गोळी घेणारे आणि ती थांबवण्याचा विचार करण्याइतके बरे. 52 आठवड्यांत गोळी चालू असलेल्यांपैकी 39 टक्क्यांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांचा. आपल्याकडे घरचे आधीच "आता बरी आहेस ना, मग कशाला त्या डोक्याच्या गोळ्या?" म्हणून मागे लागलेले असतात. सासरी कळू नये म्हणून पाकीट लपवून ठेवणाऱ्या बाईला डॉक्टरही दर सहा महिन्यांनी "थांबवायचं का?" विचारू लागले तर ती गोळी टिकणार नाही. आपल्याकडे खरी अडचण गोळी अर्ध्यावर सोडण्याची आहे.

निशिगंध
त्याच चाचणीत गोळी कशी थांबवली तेही बघा. सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन, मिर्टाझापिन घेणाऱ्यांचा डोस पहिल्या महिन्यात अर्धा, दुसऱ्या महिन्यात तो अर्धा डोस एक दिवसाआड, मग बंद. सरट्रालिन रक्तात निम्मं व्हायला साधारण एक दिवस लागतो. एक दिवसाआड घेतलं की पातळी रोज वरखाली होते.

शिवाय डोस आणि परिणाम एका रेषेत चालत नाहीत. सिटॅलोप्रॅम 40 मिग्रॅ घेतलं की मेंदूतलं सेरोटोनिन (मनःस्थितीशी संबंधित रसायन) परत ओढणारे पंप सुमारे 86 टक्के अडतात, 20 वर 80 टक्के, 9 वर 70 टक्के. आणि 3.4 मिग्रॅवरसुद्धा निम्मे अडलेलेच असतात. म्हणजे 40 वरून 20 वर आलेला माणूस "काहीच झालं नाही" म्हणतो आणि पुढे 5 वरून शून्यावर येताना कोसळतो. शेवटचे पाच मिलिग्रॅम सगळ्यात सावकाश उतरवायचे असतात. 10, 5, 2.5, 1.25 आणि त्याच्याही खाली, दर पायरीला दोन ते चार आठवडे.

रानवारा
पंपांचं गणित मान्य. पण त्रास सगळ्यांनाच होतो असं चित्र उभं करू नका. 2024 च्या मोठ्या एकत्रित अभ्यासात गोळी थांबवल्यावर 31 टक्क्यांना लक्षणं दिसली, तर नुसती खोटी, औषध नसलेली गोळी थांबवलेल्यांतही 17 टक्क्यांना. तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना.

निशिगंध
त्यातल्या अनेक चाचण्यांत पेशंटनी गोळी काही आठवडे किंवा महिनेच घेतली होती. आठ वर्षं घेणाऱ्याला तो आकडा कसा लावणार?

खलबत्ता
औषध दुकानाच्या बाजूने सांगतो, कारण घोटाळा तिथे होतो. आपल्याकडे नैराश्याचं एस्सिटॅलोप्रॅम 10 आणि चिंता शमवणारं क्लोनाझेपाम 0.5 एकाच गोळीत मिळतात. पेशंटला वाटतं एकच गोळी आहे. ती मोडून अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात, आणि मग धडधड वाढली तर ती कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्याने ते झटकन तोडलं तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांकडून तेवढ्याच डोसच्या दोन वेगळ्या गोळ्या लिहून घ्या, काही आठवडे स्थिर राहा, मग एका वेळी एकच औषध उतरवा.

दुसरं, व्हेन्लाफॅक्सिनसारखी हळूहळू सुटणारी गोळी चुरायची नाही. चुरली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

आषाढसरी
कमी केल्यावरचा त्रास आणि उलटलेला आजार वेगळा ओळखता आला नाही तर वरचं सगळं वाया. डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांत गरगरणं, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके, भडक स्वप्नं, मळमळ सुरू झाली आणि मूळ आजारात यातलं काही नव्हतं, तर तो बहुधा कमी केल्याचा त्रास. आधीच्या डोसवर परतलं की काही दिवसांत उतरतो. आजार उलटताना आठवडे, महिने जातात. पहाटे जाग येणं, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं वाटणं अशी जुनीच लक्षणं परततात. मरणाचे विचार आले तर पायऱ्या मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फ्लुऑक्झेटिन मात्र शरीरात काही आठवडे रेंगाळतं, त्याचा त्रास कमी असतो पण उशिरा येऊ शकतो. पॅरोक्झेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडणं सगळ्यात अवघड.

रानवारा
आणि ही चर्चा वाचून लिथियम (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारावरचं औषध) किंवा स्किझोफ्रेनियाची औषधं घेणारा हाच तक्ता स्वतःला लावेल, ही माझी खरी काळजी आहे. लिथियम अचानक सोडलं तर उन्माद उसळतो, आत्महत्येचा धोका वाढतो. ते निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात. 2023 च्या रडार चाचणीत मनोविकृतीची औषधं दोन-दोन महिन्यांच्या पायऱ्यांनी कमी केली, तरी दोन वर्षांत 25 टक्क्यांचा आजार गंभीरपणे उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 13 टक्के होतं. रोजच्या जगण्यात फायदाही दिसला नाही.

निशिगंध
धागा नैराश्याच्या गोळ्यांचा आहे, आणि लिथियमबद्दल माझा वाद नाही. पण जाड होणं, लैंगिक इच्छा मरणं, भावना बोथट होणं या तक्रारी पेशंट डॉक्टरांसमोर काढत नाही. त्या न काढताच गोळी सोडतो. विचारलं नाही म्हणून गोळी टिकते, हे मला पटत नाही.

रानवारा
मग दुष्परिणाम दर भेटीत विचारा. थांबवण्याचा प्रश्न वर्षातून एकदा पुरे, तोही परीक्षा, बाळंतपण, घरातला मृत्यू असं काही तोंडावर नसताना. आणि कागद द्यायचाच तर त्यावर आणखी एक ओळ हवी: शेवटचा कोणत्या डोसवर माणूस बरा होता, आणि बिघडलं तर पहिला फोन कुणाला करायचा.